चौकशीप्रधान फौजदारी न्यायपद्धतीत बचाव पक्षाचा वकील नेमके काय करतो?

विधिजिज्ञासा

फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स या देशांतील फौजदारी न्यायपद्धती चौकशीप्रधान मानली जाते. इंग्लंड-अमेरिकेच्या वळणाच्या, म्हणजे पक्षकारप्रधान, पद्धतीत दोन पक्ष आपापला पुरावा मांडतात, न्यायाधीश पंचाच्या भूमिकेत राहतो आणि वकिलाने कायद्याची चौकट न मोडता अशिलाची बाजू जिद्दीने लढवावी, एवढीच अपेक्षा असते. त्या वकिलाचे नैतिक समर्थनही त्याच रचनेतून येते, कारण दोन्ही बाजूंनी जोर लावला तरच सत्य बाहेर पडेल असे तिथे गृहीत धरलेले आहे. चौकशीप्रधान पद्धतीत मात्र सत्य शोधण्याची जबाबदारी खुद्द न्यायव्यवस्थेने उचललेली आहे. जर्मन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६० नुसार सरकारी वकिलाने आरोपीच्या बाजूची परिस्थितीही तपासली पाहिजे आणि कलम २४४ नुसार न्यायालयाने निकालासाठी आवश्यक तेवढा सर्व पुरावा आपणहून घेतला पाहिजे. फ्रान्समधील तपास न्यायाधीशावर, म्हणजे तपास स्वतः चालवणाऱ्या न्यायाधीशावर, तर आरोपीच्या विरुद्ध आणि त्याच्या बाजूने असा दुहेरी तपास करण्याचे बंधन तिथल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ८१ ने घातलेले आहे.

माझे प्रश्न असे. न्यायाधीशच निर्दोषत्वाचा पुरावा शोधायला बांधलेला असेल, तर वकिलाला करण्यासारखे काय उरते? अशील दोषी आहे हे ठाऊक असलेल्या वकिलाने तिथे सुटकेची मागणी करणे नीतीला धरून आहे का, की सत्यशोधनाला हातभार लावणे हे त्याचे पहिले कर्तव्य ठरते? आणि तपासाची फाइल वकिलाला पाहायला मिळते असे वाचले आहे. तर तिच्यातले त्याने अशिलाला किती सांगायचे? उत्तरे शक्यतो प्रत्यक्ष नियमांच्या आधारे मिळावीत. प्रत्येकाला वकील मिळाला पाहिजे, या तत्त्वाविषयी मला शंका नाही. तो मिळाल्यावर काय करतो, हे समजून घ्यायचे आहे.

तौलनिक

तुमच्या पहिल्या प्रश्नामागचा युक्तिवाद साडेतीनशे वर्षे जुना आहे आणि तो राज्यकर्त्यांनीच केलेला आहे. चौदाव्या लुईच्या १६७० च्या फौजदारी अध्यादेशाने, काही अपवाद सोडता, आरोपीने शपथेवर आणि वकिलाच्या मदतीशिवाय स्वतःच्या तोंडाने उत्तरे द्यावीत असे ठरवले. मसुद्यावर चर्चा झाली तेव्हा पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयाचे प्रमुख लाम्वान्यों यांनी वकिलाचा सल्ला हा निसर्गदत्त हक्क असल्याचे सांगून विरोध केला. मसुदा करणाऱ्यांपैकी प्युसोर यांनी वकील म्हणजे दोषींना पळवाटा दाखवणारा असा पक्ष घेतला आणि प्युसोर यांचेच चालले. क्रांतीनंतर १७८९ च्या ऑक्टोबरमध्ये वकील परत आला. पुढे दहशतीच्या काळात, १० जून १७९४ च्या कायद्याने, क्रांतिकारी न्यायाधिकरणापुढील तथाकथित कटवाल्यांचा वकील पुन्हा काढून घेतला गेला. फौजदारी प्रक्रियेच्या १८०८ च्या संहितेत खटला उघड झाला, पण तपास गुप्तच राहिला. तपास न्यायाधीशाच्या खोलीत वकिलाला पाऊल ठेवता आले ते ८ डिसेंबर १८९७ च्या कायद्याने, आणि चौकशीच्या आदल्या दिवशी फाइल त्याच्यापुढे ठेवण्याचे बंधनही त्याच कायद्याने आले. माझ्या मते या पद्धतीतील वकिलीचा खरा आरंभ हाच, कारण इथला खटला मुळात फाइलवर चालतो.

इंग्रजी वळणाच्या खटल्यात पुरावा ज्युरीसमोर, उलटतपासणीतून उभा राहतो. फ्रान्स किंवा नेदरलँड्समध्ये खटल्याचा दिवस उजाडेपर्यंत जबाब, समोरासमोर केलेल्या चौकश्या, तज्ज्ञांचे अहवाल, आरोपीच्या पूर्वायुष्याची चौकशी हे सारे लेखी होऊन पानांवर क्रमांक पडलेले असतात. पीठासीन न्यायाधीशाने ते वाचलेले असते आणि आरोपीला पहिले प्रश्न तोच विचारतो. फ्रान्समध्ये तर २००० सालच्या सुधारणेपर्यंत वकिलाला साक्षीदाराला थेट प्रश्नही विचारता येत नसत. ते न्यायाधीशामार्फत जात. त्यामुळे शेवटच्या भाषणात कितीही वक्तृत्व दाखवले, तरी फाइलमध्ये जे नाही ते तेव्हा निर्माण करणे फार अवघड असते. वकिलाचे काम तपास चालू असतानाच उरकावे लागते, आणि ते मुख्यतः अर्जांचे असते : अमुक साक्षीदाराचा जबाब घ्या, तमुक ठिकाणाची पाहणी करा, दुसरा तज्ज्ञ नेमा. असा अर्ज आल्यावर तपास न्यायाधीशाने तो मान्य तरी करायचा किंवा एका महिन्याच्या आत कारणांसह फेटाळायचा असतो आणि फेटाळल्यास वरच्या तपास मंडळाकडे अपील करता येते.

इथेच एक नैतिक पेच आहे, ज्याची चर्चा फार कमी होते. समजा, घटनेच्या रात्री आपण दुसऱ्या शहरात होतो असे आरोपी सांगतो. पक्षकारप्रधान पद्धतीतला वकील खासगी तज्ज्ञाकडून मोबाइलच्या नोंदी तपासून घेईल आणि निष्कर्ष प्रतिकूल निघाला तर तो अहवाल बहुधा टेबलाच्या खणातच राहील. फ्रान्समधल्या वकिलाने तोच तपास मागितला, तर उत्तर थेट फाइलमध्ये जाते. फोन घटनास्थळापासून दोन गल्ल्यांवर होता असे निघाले, तर तो कागद वकिलाच्याच अर्जामागे जोडलेला राहतो, आणि तो अर्ज मागे घेतल्याने निघत नाही. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्याला अशिलासमोर बसून, बाहेरून कोणी ऐकत नाही याची खात्री करून, "तुम्ही खरोखर कुठे होता?" हे विचारावेच लागते. पक्षकारप्रधान पद्धतीत काही वकील हा प्रश्न जाणूनबुजून टाळतात, कारण उत्तर कळले की हात बांधले जातात. इथे तो टाळण्याची चैन परवडत नाही. म्हणजे न्यायालय सत्य शोधते म्हणून वकिलाला सत्याशी कर्तव्य उरत नाही, हा समज उलटा आहे. सत्य आधी ठाऊक असल्याशिवाय इथे वकिलाला पुढचे पाऊल टाकता येत नाही.

आता न्यायाधीश निर्दोषत्वाचा पुरावा शोधतो का, याविषयी. फ्रान्सच्या उत्तरेकडील उत्रो येथील बाललैंगिक अत्याचाराच्या खटल्याचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. २००४ साली सेंत-ओमेर येथे १७ जणांवर खटला चालला. त्यांतील सात जण तिथे सुटले आणि सहा जण १ डिसेंबर २००५ रोजी पॅरिसमधील अपिलात. या तेरा निरपराध माणसांपैकी काहींनी अनेक महिने, तर काहींनी वर्षे कोठडीत काढली होती, आणि आणखी एकाचा तर खटल्यापूर्वीच तुरुंगात मृत्यू झाला होता. आरोप करणाऱ्या मुख्य स्त्रीची प्रत्येक आरोपीशी स्वतंत्रपणे समोरासमोर गाठ घाला, ही बचाव पक्षाची मागणी तपासात मानली गेली नव्हती. चौकशी एकत्रितपणे झाली आणि एकीचे म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून पक्के होत गेले. त्या तपास न्यायाधीशाने कायदा मोडला होता असे नव्हे. एका माणसाने संशय घ्यायचा आणि त्याच माणसाने आपल्या संशयावर संशय घ्यायचा, ही अपेक्षा मानवी स्वभावाला पेलणारी नाही, एवढेच त्यातून दिसले. पुढे ५ मार्च २००७ च्या कायद्याने स्वतंत्रपणे समोरासमोर चौकशी मागण्याचा आणि तज्ज्ञाला विचारायच्या प्रश्नांत बदल सुचवण्याचा हक्क वकिलाला मिळाला.

सडेतोड

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण असला तरी त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. उत्रो प्रकरणात न्यायाधीश चुकला, तर उपाय अधिक चांगला न्यायाधीश किंवा एकाऐवजी तीन न्यायाधीश हा असायला हवा. आरोपीकडून मोबदला घेणारा आणि आरोपीशीच बांधिलकी असलेला माणूस सत्याचा पहारेकरी कसा काय ठरतो? पक्षकारप्रधान पद्धतीत समोर तेवढ्याच ताकदीचा विरोधक असतो, म्हणून एकतर्फीपणा क्षम्य आहे. जिथे न्यायाधीश आणि सरकारी वकील दोघेही तटस्थ राहायला कायद्याने बांधलेले आहेत, तिथे एकटा वकीलच पक्षपाती असतो. अशील दोषी आहे हे जाणून सुटका मागणारा वकील त्या रचनेत सरळसरळ अडथळा आहे, असे म्हणणे मला अप्रामाणिकपणाचे वाटत नाही. प्रश्नकर्त्याचा दुसरा प्रश्न याच जागी बोट ठेवतो आणि त्याला अजून उत्तर मिळालेले नाही.

राइनकाठ

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जर्मन कायद्यात बऱ्यापैकी रेखीव आहे, म्हणून तेच सांगतो. तिथल्या १९५९ च्या वकिलीविषयक कायद्याच्या पहिल्याच कलमात वकिलाला न्यायदानाचा स्वतंत्र घटक म्हटले आहे. याचा अर्थ तो न्यायालयाचा मदतनीस आहे असा काही न्यायाधीशांनी वेळोवेळी लावला, आणि तो राज्यापासून स्वतंत्र आहे असा वकिलांनी लावला. व्यवहारात ठरलेली सीमा मात्र स्पष्ट आहे. वकिलाने जाणूनबुजून असत्य विधान करायचे नाही, बनावट कागद पुढे करायचा नाही, खोटे बोलणार हे ठाऊक असलेल्या साक्षीदाराला पढवून उभे करायचे नाही. तसे केल्यास शिक्षेपासून आरोपीला वाचवण्याच्या गुन्ह्याखाली, म्हणजे दंडसंहितेच्या कलम २५८ खाली, तो स्वतः आरोपी होऊ शकतो. याउलट अशिलाने त्याच्यापाशी गुन्हा कबूल केलेला असूनही, न्यायालयापुढील पुरावा अपुरा आहे असे दाखवून सुटका मागणे पूर्णपणे वैध आहे. वकील जे बोलेल ते खरे असले पाहिजे, पण जे खरे आहे ते सगळे त्याने बोलले पाहिजे असे नाही, हे सूत्र तिथल्या वकिलांना तोंडपाठ असते.

सडेतोड यांना हा शब्दच्छल वाटेल, पण भेद खरा आहे. "माझ्या अशिलाने हे केलेले नाही" असे तो वकील म्हणणार नाही. "साक्षीदाराने अंधारात, चाळीस मीटरवरून, पाठमोऱ्या माणसाला ओळखले, आणि एवढ्यावर शिक्षा देता येत नाही" असे म्हणेल. दुसऱ्या विधानात असत्याचा अंशही नाही. आरोपी स्वतः मात्र तिथे शपथेवर साक्षीदार होतच नाही, त्यामुळे आपल्या बचावासाठी तो खोटे बोलला तरी खोट्या साक्षीचा गुन्हा लागत नाही. म्हणजे अशील खोटे बोलू शकतो आणि वकील बोलू शकत नाही. अशा वेळी वकील अशिलाच्या कथनाला आपल्या शब्दांचा दुजोरा न देता फक्त पुराव्यावर बोलतो, आणि अनुभवी न्यायाधीशाला त्या मौनाचा अर्थ कळतो की काय, ही त्याची कायमची धास्ती असते. यावर मला कोणताही समाधानकारक तोडगा ठाऊक नाही.

पक्षपाती माणूस या रचनेत हवाच कशाला, याचे उत्तरही जर्मन फौजदारी प्रक्रिया संहितेने देऊन ठेवले आहे. बचाव पक्षाने एखाद्या विशिष्ट मुद्द्यावर विशिष्ट पुरावा घेण्याचा रीतसर अर्ज केला, तर न्यायालय तो केवळ कलम २४४ मध्ये दिलेल्या कारणांवरूनच फेटाळू शकते, आणि "आमची याच्या उलट खात्री आधीच पटलेली आहे" हे त्या कारणांत सहसा बसत नाही. न्यायाधीशाला आपले मत लवकर बनवण्याची सवय असते, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले आणि ती खात्री हलवण्याचे साधन त्यांनी मुद्दाम दुसऱ्याच्या हातात दिले. त्या साधनाचा गैरवापरही होतो, हे कबूल केले पाहिजे. अर्जांमागून अर्ज टाकून सुनावणी महिनोन्महिने लांबवणारे वकील आहेत आणि म्हणूनच २०१७ व २०१९ च्या दुरुस्त्यांनी असे अर्ज करण्यास मुदत घालून देण्याची आणि निव्वळ वेळकाढू अर्ज झटपट बाजूला ठेवण्याची सोय केली. तरीही अर्ज लेखी देण्याचा वकिलांचा आग्रह समजून घ्यायला हवा : प्रांतिक न्यायालयातील सुनावणीत साक्षीदार काय बोलला याची शब्दशः नोंद ठेवली जात नाही, कार्यवृत्तात केवळ औपचारिक टप्पे येतात. मग साक्ष कानावर पडताच स्वतःच्या वहीत भराभर टिपून घ्यायची आणि महत्त्वाचे ते अर्जात गुंफून नोंदीवर आणायचे, एवढाच मार्ग उरतो.

तीन न्यायाधीशांच्या उपायाविषयी एकच गोष्ट सांगतो. फ्रान्सने २००७ च्या त्याच कायद्यात तपासासाठी न्यायाधीशांचे मंडळ नेमण्याची तरतूद केली होती. ती वारंवार पुढे ढकलली गेली, एकदाही अमलात आली नाही आणि २०१६ साली रद्द झाली.

फाइलविषयी : जर्मनीत वकिलाने फाइलच्या प्रती अशिलाला देणे रीतसर आहे, कारण तिच्याशिवाय बचावाची तयारीच होत नाही. पण उद्या सकाळी घराची झडती होणार आहे असा आदेश चुकून फाइलमध्ये राहिला आणि वकिलाच्या नजरेस पडला, तर तो अशिलाला सांगावा का, यावर तिथल्या वकिलांत आणि प्राध्यापकांत आजही दोन तट आहेत. तपासाला धोका असेल तर तपास पूर्ण होईपर्यंत फाइल रोखून धरण्याची मुभा सरकारी वकिलाला आहेच, तेव्हा त्याच्या हलगर्जीपणाचा भार वकिलाने का वाहावा, असे एक तट म्हणतो. मला स्वतःला तो युक्तिवाद वजनदार वाटतो.

विधिजिज्ञासा

दोन्ही विस्तृत प्रतिसादांबद्दल आभारी आहे. फ्रान्समध्ये फाइल दाखवण्याचा नियम तसाच आहे का, आणि अशिलाने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींच्या गुप्ततेचे काय? तसेच हे सारे तपास न्यायाधीशापुढचे झाले. पोलीस कोठडीतल्या पहिल्या काही तासांत वकील कुठे असतो?

दुसरी बाजू

फ्रान्समध्ये प्रती अशिलाला देता येतात, पण त्यावर तपास न्यायाधीशाला आक्षेप घेता येतो, आणि बाहेरच्या माणसाला, तेही बचावाच्या गरजेपुरते, फक्त तज्ज्ञांचे अहवाल दाखवता येतात. वर्तमानपत्राला जबाबाचे पान पुरवणे हा तिथे गुन्हा आहे. व्यावसायिक गुप्ततेची कल्पना मात्र जर्मनीपेक्षा कडक आहे. जर्मनीत अशील वकिलाला गुप्ततेतून मोकळे करू शकतो; फ्रेंच वकिलांच्या नियमावलीनुसार गुप्तता ही सार्वजनिक हिताची, सर्वव्यापी आणि कालमर्यादा नसलेली असल्यामुळे, खुद्द अशिलाने सांगितले तरी वकिलाने तोंड उघडू नये अशी तिथली परंपरागत भूमिका आहे. वकिलाच्या कार्यालयाची झडती घ्यायची झाल्यास न्यायदंडाधिकारी स्वतः हजर लागतो आणि वकील संघटनेचा प्रमुख किंवा त्याचा प्रतिनिधी शेजारी उभा राहून आक्षेप नोंदवतो. आक्षेप घेतलेला कागद पाकिटात सीलबंद होऊन निर्णयासाठी दुसऱ्या न्यायाधीशाकडे जातो.

कोठडीविषयीचा तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण फाइलची पहिली पाने तिथे लिहिली जातात आणि पुढची सगळी पाने त्यांच्याशी ताडून पाहिली जातात. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत कोठडीत वकील नव्हताच. त्यानंतरही अनेक वर्षे अर्ध्या तासाच्या भेटीपलीकडे त्याची मजल जात नव्हती, प्रश्नोत्तरे सुरू झाली की तो बाहेर. २७ नोव्हेंबर २००८ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तुर्कस्तानविरुद्धच्या साल्दुझ प्रकरणात, वकिलाविना झालेल्या पहिल्याच चौकशीतील कबुलीजबाबाच्या आधारे शिक्षा देणे हे न्याय्य खटल्याच्या हक्काशी विसंगत असल्याचे ठरवले आणि ही भिंत हलली. फ्रेंच संविधान परिषदेने ३० जुलै २०१० रोजी जुनी कोठडीपद्धत घटनाबाह्य ठरवली, १४ एप्रिल २०११ च्या कायद्याने वकील चौकशीच्या खोलीत बसू लागला, बेल्जियमने त्याच वर्षी कायदा बदलला आणि नेदरलँड्समध्ये प्रत्यक्ष चौकशीवेळी हजर राहण्याचा हक्क २०१६ मध्ये लागू झाला.

पण खोलीत बसलेला हा वकील काय पाहू शकतो? फ्रान्समध्ये त्याला कोठडीच्या सूचनेचा कागद, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि अशिलाचे आतापर्यंतचे स्वतःचे जबाब एवढेच दाखवतात. इतरांचे जबाब किंवा जप्तीचा तपशील नाही. या स्थितीत बोला की गप्प बसा, हा सल्ला त्याला जवळजवळ आंधळेपणाने द्यावा लागतो. गप्प बसण्याचा हक्क आहेच. पण ज्या पद्धतीत न्यायाधीश आरोपीकडून त्याचे बालपण, नोकरी, व्यसने इथपासून सगळे ऐकून घेऊन मत बनवतो, तिथे मौनाची किंमत मोजावी लागण्याची भीती मोठी असते. तौलनिक यांनी सांगितलेला पेच इथे अधिक तीव्र होतो, कारण त्यांच्या वकिलाने निदान फाइल तरी वाचलेली होती.

सडेतोड यांच्यासाठी आणखी एक उदाहरण. नेदरलँड्समधील स्खीडाम येथे २००० साली एका मुलीचा खून झाला. एका माणसाने पोलिसांपुढे कबुली दिली, नंतर ती नाकारली आणि तरीही त्याला शिक्षा झाली. २००४ साली दुसऱ्याच इसमाने गुन्हा कबूल केला. सरकारी न्यायवैद्यक संस्थेतील तज्ज्ञांना डीएनएच्या निष्कर्षांबाबत ज्या शंका होत्या, त्या न्यायालयापुढील फाइलपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. तिथे सरकारी वकीलही कायद्याने तटस्थच होता.

सडेतोड

स्खीडामचे उदाहरण माझ्या विरोधात जाते हे दिसते, पण ते वकिलाच्या बाजूनेही जात नाही : वकील होता आणि तरीही ती शंका त्याला सापडली नाही, कारण स्वतः शोध घेण्याची साधने त्याच्याकडे नव्हती. वकिलाला पक्षपाती ठेवायचेच असेल, तर इटलीसारखे उघडपणे करावे. त्यांनी १९८९ पासून तपास न्यायाधीश काढून टाकला आणि २००० सालच्या ३९७ क्रमांकाच्या कायद्याने बचाव पक्षाच्या वकिलाला स्वतः साक्षीदारांना भेटण्याचा, त्यांचे जबाब नोंदवण्याचा आणि स्वतःची फाइल तयार करण्याचा अधिकार दिला. त्या फाइलमधले प्रतिकूल ते न्यायालयात दाखल करण्याची सक्ती त्याच्यावर नाही. अर्ज करून हात जोडणाऱ्या वकिलापेक्षा मला ही व्यवस्था अधिक प्रामाणिक वाटते. मात्र ज्याच्यापाशी खासगी तपासनीस नेमण्याइतके पैसे नाहीत, त्या आरोपीला या अधिकाराचा उपयोग किती, हा प्रश्न तिथेही उरतोच, आणि तेवढ्या एका बाबतीत तपास न्यायाधीशाचा अर्जमार्ग गरिबाला स्वस्त पडतो.